अर्ध्यावरचा काटा

गाडी उड्डाणपुलाच्या चढावर बंद पडली तेव्हा पेट्रोलचा काटा अर्ध्यावर होता. आधी इंजिनाचा आवाज गेला, मग तळव्यांना जाणवणारी ती बारीक थरथर गेली, आणि गाडी उरल्यासुरल्या वेगाने दोन हात पुढे सरकून थांबली. तिने हँडब्रेक ओढला आणि तशीच बसून राहिली. मागे हॉर्न सुरू झाले. सवयीने तिने ते वेगवेगळे केले: एक जाड, खालच्या पट्टीतला, दोन चिरके, आणि एक अगदी लांबून येणारा, वाजवणाऱ्याला पुढे काय झालंय हे माहीतच नसावं असा. तिचं कामच ते. एका दवाखान्याच्या तळमजल्यावर, बाहेरचा आवाज आत न येणाऱ्या खोलीत माणसं बसवून त्यांना किती ऐकू येतं हे ती एकवीस वर्षं तपासत आली होती. स्कूटरवरच्या एका माणसाने काचेवर टकटक केली. "पेट्रोल संपलं का हो?" "नाही, अर्धी टाकी आहे," ती ठामपणे म्हणाली. त्या माणसाने टाकीचं झाकण उघडायला लावलं, गाडी दोन्ही हातांनी गदागदा हलवली, कान लावला. "कोरडी ठणठणीत आहे," तो म्हणाला आणि निघून गेला. ती परत आत बसली. काटा अर्ध्यावर होता. जरासुद्धा न ओशाळता.

दिवसभर कामावर तिला तो काटा दिसत राहिला. तो पडला असता, शून्यावर जाऊन बसला असता, तर तिला काही वाटलं नसतं. बिघडलेल्या वस्तूने बिघडल्यासारखं दिसावं एवढीच तिची अपेक्षा असे. पण हा व्यवस्थित उभा होता, अगदी पटण्यासारख्या जागी. किती दिवस? पंधरा दिवस तरी ती त्याच्याकडे बघून निश्चिंत होती. ती निश्चिंती आता मागे जाऊन एकेका दिवसातून काढून घ्यावी लागणार, असं काहीसं तिला वाटलं, आणि ते विचित्र वाटलं म्हणून तिने पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

संध्याकाळी वडिलांना सांगितलं तेव्हा ते खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. गाडी त्यांची. तेवीस वर्षांपूर्वी घेतलेली, आणि अगदी आतापर्यंत दुसऱ्या कुणाला सहसा चालवायला न दिलेली. ती नवऱ्यापासून वेगळी होऊन या घरात परत आली त्याला नऊ वर्षं झाली होती, पण गाडीची किल्ली तिच्या हातात आली ती गेल्या सहा-सात महिन्यांत. "मीटर गेलाय तिचा, मला भरवसा वाटत नाही. तूच ने," असं वडील एक दिवस अचानक म्हणाले होते. काटे नीट दिसत नाहीत, मीटरमागचे दिवे मंद झालेत, वेगाचा काटा थरथरतो. तिला तसं काही दिसलं नव्हतं. म्हातारपणाची कुरकुर म्हणून तिने ते कानाआड केलं होतं.

"म्हणजे खरंच गेला?" वडील म्हणाले. त्यांच्या आवाजात आश्चर्य होतं. मग लगेच त्यांनी आवाज सावरला. "मी म्हणत नव्हतो? तू ऐकत नाहीस, काडे." लहानपणी ती काडीसारखी होती म्हणून ते नाव. चव्वेचाळिसाव्या वर्षी काडीसारखं काही राहिलं नव्हतं, नाव तेवढं राहिलं होतं.

"मग शनिवारी मीटरवाल्याकडे टाकते."

"घरी काढू. चार स्क्रूचं काम आहे."

वडिलांनी सगळी नोकरी एका कारखान्यात, गेज तपासण्याच्या खोलीत काढली होती. बॉयलरवरचे, वाफेच्या नळांवरचे दाबाचे काटे त्यांच्याकडे यायचे. ते खात्रीच्या काट्याशी जोडून पाहायचे, दोघांत किती फरक आहे ते बघायचे, दुरुस्त करायचे, आणि मागे तारखेची चिकटपट्टी लावायचे. सुट्टीच्या दिवशी कधीकधी ते तिला तिथे न्यायचे. खोलीत तेलाचा आणि पितळेचा वास असे. टेबलावर सगळीकडून पांढरे गोल चेहरे तिच्याकडे बघत असत. "काटा नेहमी समोरून बघायचा," ते सांगायचे आणि दोन बोटांनी तिची हनुवटी धरून चेहरा सरळ करायचे. "बाजूने बघितलंस तर एक-दोन रेघा इकडेतिकडे दिसणार. काटा खोटं बोलत नाही, आपण तिरके बघतो." ती बोटं खरबरीत होती आणि थंड असायची. पुढे नवरा कधी हनुवटीला हात लावायचा तेव्हा ती नकळत समोर बघायची, एखादं माप वाचायचं असल्यासारखी. एकदा तो म्हणालाही होता, "तू माझ्याकडे बघतेस की मला तपासतेस?" त्यात तथ्य होतं. ती नाही म्हणाली होती.

शनिवारी सकाळी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये त्यांनी काम काढलं. तिने बॅटरीची तार सोडली. वडील शेजारच्या सीटवर बसले आणि तिला चालकाच्या जागी बसवलं. ते सांगत होते, ती करत होती. आधी स्टीअरिंगखालचं झाकण. मग मीटरच्या वरच्या छज्ज्याचे दोन स्क्रू, खालचे दोन. "जोर लावू नकोस. जुनं प्लास्टिक आहे, बिस्किटासारखं मोडतं." छज्जा निघाला तेव्हा मागे वर्षानुवर्षांची मऊ, राखाडी धूळ होती. "आता सेट अलगद पुढे ओढ. चार बोटांएवढाच. मागे केबल आहे." ती आत हात घालून चाचपडू लागली. तिला तारांचा गुंता लागला, काहीतरी धारदार लागलं, पण केबलची खिट्टी काही सापडेना. "थांब," वडील म्हणाले, तिच्यावरून वाकले आणि स्वतःचा हात आत घातला. त्यांनी डोळे मिटले होते. गालावरचे पांढरे खुंट तिच्या कानाला घासले. 'कट्' असा आवाज झाला आणि केबल सुटली. "असल्या ठिकाणी बघायचं नसतं," ते म्हणाले, "बोटांनी ओळखायचं." तिला कौतुक वाटलं. सत्त्याहत्तरावं वर्ष जवळ आलं तरी हात कसा अचूक जातो!

मग एक स्क्रू पडला. पिवळसर, पितळी, वडिलांच्या पायाजवळच्या काळ्या रबरी चटईवर. सकाळचं ऊन थेट त्याच्यावर होतं आणि तो चमकत होता. "स्क्रू पडला बघा," ती म्हणाली. वडील खाली बघू लागले. सरळ त्याच्यावरच नजर होती, आणि दिसत नव्हता. मग त्यांनी मान जरा उजवीकडे वळवली, एखादा पक्षी दाणा बघताना वळवतो तशी, आणि तिरक्या नजरेने बघत खाली वाकून तो उचलला. "हा काय," ते म्हणाले. तिने तो घेतला आणि वाटीत टाकला. वाटीत टाकल्याचा आवाज तिला जरुरीपेक्षा मोठा वाटला.

मीटरचा सेट जेवणाच्या टेबलावर आला. डॅशबोर्डमध्ये होता तेव्हा तो गाडीचा चेहरा वाटायचा. टेबलावर जुन्या चादरीवर तो फक्त एक काळा, हलका, उथळ डबा होता. पुढची काच काढल्यावर काटे उघडे पडले. इतके बारीक, इतके बिनवजनाचे, की यांच्याकडे बघून तेवीस वर्षं या गाडीचा वेग ठरत होता याचं तिला नवल वाटलं. आत कोपऱ्यात दिव्यावर येतं तसलं एक मेलेलं पाखरू होतं, पंख शाबूत. ते तिथे कसं शिरलं असेल कोण जाणे. मागच्या बाजूला निळसर पातळ पट्टी, तिच्यावर तांब्याच्या रेघा, आणि एका कडेला आगपेटीच्या अर्ध्या आकाराची पत्र्याची डबी. "पेट्रोलचा आणि तापमानाचा, दोन्ही काट्यांना करंट या डबीतून जातो," वडील म्हणाले. "तापमानाचा काटा हल्ली वरच असायचा का?" तिने आठवून पाहिलं. असायचा. "मग हीच. जास्त सोडतेय. दोघंही फुशारक्या मारत होते." ते हसले, आणि तीही हसली. ते दोघं एकत्र हसून बराच काळ लोटला होता, हेही तिने मनात एखाद्या तक्त्यात टिपावं तसं टिपलं.

दुपारी ती डबी घेऊन मीटरवाल्याकडे जायला निघाली तेव्हा वडील दारापर्यंत आले. "पूर्ण सेटच घेऊन जा. ठेव त्याच्याकडे. करू दे सावकाश, घाई काय आहे?" सकाळी चार स्क्रूचं काम म्हणणारे वडील असं का म्हणतात हे तिला कळेना, पण तिने वाद घातला नाही आणि डबीच नेली. मीटरवाल्याचं दुकान म्हणजे दोन दुकानांमधली एक फट होती. भिंतीवर सगळीकडे मेलेल्या गाड्यांचे मीटर टांगलेले. कुठे काटा ऐंशीवर थिजलेला, कुठे वीसवर. "हे आता कोण उघडत नाही ताई," मीटरवाला डबी उलटीसुलटी करत म्हणाला. "त्यापेक्षा आख्खा सेट देतो, भंगारातल्या गाडीचा. तासात बसवून. फक्त किलोमीटरचा आकडा त्या गाडीचा येईल." "कुठल्या गाडीचा?" "असेल कुणाची तरी. गाडीला काय फरक पडतो?" तिला वाटलं, खरंच, गाडीला काय फरक पडतो. तरी ती नको म्हणाली. त्याने खोक्यांत खूप वेळ खुडबुड करून तसलीच एक डबी आणि चार छोटे दिवे काढून दिले. डबी बॅटरीवर लावून दाखवली. चालू होती. ती चार वाजता घरी आली तेव्हा वडील म्हणाले, "मिळालीसुद्धा?" आणि मग थोड्या वेळाने, "बरं झालं."

रविवारी सकाळी तिने ती बसवली. तांब्याची एक रेघ एका जागी तुटत आली होती, तिथे वडिलांच्या सांगण्यावरून सोल्डरचा एक ठिपका दिला. तिने श्वास रोखून धरला. "श्वास सोडताना टेकव," ते म्हणाले. ते तिच्या हातांकडे बघत नव्हते. कानावर बेतलं होतं त्यांनी सगळं, सोल्डरच्या चर्रर्रवर, तिच्या श्वासावर. मग टेबलावरच गाडीची बॅटरी ठेवून तारा जोडल्या. टाकीकडून येणाऱ्या तारेच्या जागी एक साधी तार टेकवली की काटा पूर्ण चढायला हवा होता. असे काटे झटकन उठत नाहीत. आतली पट्टी तापत जाते तसे सावकाश चढतात. ती तार टेकवून बघत राहिली. काटा हलला. शून्य सोडलं, पाव झाला, अर्धा. तिने सुस्कारा सोडला, आणि वडील म्हणाले, "चढला. छान."

नेमक्या त्या क्षणी तिच्या आत काहीतरी खटकलं. ते तिच्या ओळखीचं होतं. तिच्या खोलीत येणारी काही माणसं, विशेषतः ज्यांना आपलं ऐकू येणं कमी झालंय हे मान्य नसतं ती, कानातला आवाज ऐकून बटण दाबत नाहीत. काचेपलीकडे बसलेल्या तिच्याकडे बघून दाबतात. तिचा खांदा हलला, पापणी लवली, की बटण. ती हे चटकन ओळखते. मग ती आवाज न सोडताच खांदा हलवते, आणि समोरचा माणूस उत्साहाने बटण दाबतो. एकवीस वर्षांत तिला त्या क्षणी कधी वाईट वाटलेलं नव्हतं. तो कामाचा भाग होता. तक्त्यावर एक खूण करायची आणि पुढे जायचं.

तिने तार उचलली. काटा उतरू लागला, तसाच सावकाश. वडील टेबलापलीकडे बसले होते, नजर थेट मीटरवर, हनुवटी सरळ. खिडकीचा सगळा उजेड टेबलावर होता. काटा पावावर आला, मग शून्यावर जाऊन टेकला. ती थांबली. मनात दहा मोजले. मग पुन्हा काही जोडल्यासारखा हात हलवला, खुर्ची किंचित पुढे ओढली, आणि समाधानाने "हं" म्हणाली.

"आला," वडील म्हणाले. "पूर्ण आला. बरोबर."

काटा शून्यावर होता. आपण आत्ता काय केलं हे तिला कळलं. स्वतःच्या बापाला तिने खोलीत बसवून काच लावली होती. ती उठली, चहा ठेवायला म्हणून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. पातेल्यातल्या पाण्याच्या तळाशी बुडबुडे धरत होते. आपल्याला रडू येतंय का, हे तिने तपासून पाहिलं. येत नव्हतं. त्याऐवजी आई आठवली. सहा वर्षांपूर्वी आईला दवाखान्यात नेताना गाडी हिनेच चालवली होती, कारण वडील मागच्या सीटवर आईचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. सगळे रस्ते तुंबले होते. वडील मागून सारखं विचारत होते, "किती आहे? किती वेगात आहोत?" आणि ती म्हणत होती, "साठ, बाबा. साठवर आहे." काटा वीस आणि तीसच्या मधे होता. आई त्यानंतर दोन दिवसांनी गेली, आणि डॉक्टर म्हणाले होते, अर्धा तास आधी आणलं असतं तरी काही फरक पडला नसता. वडिलांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. पण नंतर एकदा, गाडी पार्किंगमध्ये उभी असताना, ती मागच्या सीटवर जाऊन बसली होती, त्यांच्या जागी. दोन सीटांमधल्या फटीतून वेगाचा काटा स्वच्छ दिसत होता. तेव्हा त्यांचे डोळे अगदी चांगले होते. म्हणजे दिसत असताना त्यांनी विचारलं होतं, आणि उत्तर ऐकून घेतलं होतं. चहा उतू गेला. तिने ओटा पुसला, कप भरले आणि ती बाहेर आली.

दुपारनंतर त्यांनी सेट परत बसवला. या वेळी केबल तिने स्वतः लावली, डोळे मिटून, आणि ती पहिल्या फटक्यात बसली. बॅटरी जोडली. चावी फिरवताच सगळे दिवे लागले, नव्या बल्बचे, स्वच्छ पिवळे. काटे जागच्या जागी. वडील बाहेर उभे होते, दारावर हात ठेवून. "झालं?" त्यांनी विचारलं. "झालं." ती उतरली. कुणीतरी पुढचं वाक्य बोलायला हवं होतं. ते वाक्य तिच्याजवळ तयार होतं, सकाळपासून होतं. पण तोंडातून दुसरंच आलं. "बसा ना, बघा चालवून," ती म्हणाली. हे आपण का म्हणालो ते तिला समजलं नाही. कदाचित तपासणी अर्धी सोडायची नाही ही सवय असेल. कदाचित त्यांनीच म्हणावं, असं वाटलं असेल.

वडील बसले. सीट मागे घेतली, पट्टा लावला, आरसा नीट केला. इतक्या वर्षांच्या त्या हालचाली, एकीतून दुसरी आपोआप उलगडणारी. ती शेजारी बसली. त्यांनी गाडी सुरू केली. समोर पार्किंगचा उतार होता आणि त्यापलीकडे गल्ली. गल्लीत दोन मुली बॅडमिंटन खेळत होत्या. फुलाचा टप् टप् आवाज येत होता. वडिलांचा हात हँडब्रेकवर गेला आणि तिथेच राहिला. तिचाही हात उठला होता, त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर. इंजिन चालू होतं. एक मिनिट गेलं असेल, किंवा जास्त.

"तापमान किती झालं गं?" वडिलांनी विचारलं.

"अजून खाली आहे, सावकाश चढतंय."

"म्हणजे चांगलं झालंय काम." त्यांनी चावी फिरवली आणि इंजिन बंद केलं. हात मांडीवर घेतले. "मला वाटलं होतं तुला जमायचं नाही," ते म्हणाले. "महिनाभर तरी गाडी उघडी पडून राहील असं वाटलं होतं. फार लवकर केलंस तू."

तिने हँडब्रेककडे नेलेला हात मागे घेतला.

"कधी कळलं तुला?"

"आज सकाळी. टेबलावर."

"काटा कुठे होता?"

"शून्यावर."

वडिलांनी मान हलवली, आपलंच एक गेज कुणीतरी तपासून फरक सांगावा तशी. मग ते बोलू लागले, समोर बघत, एकाच सुरात. वर्ष होऊन गेलं होतं. आधी सरळ रेघा वाकड्या दिसायला लागल्या, दाराची चौकट मधेच फुगल्यासारखी. मग बरोबर मधे एक डाग आला. ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं व्हायचं, आणि आजूबाजूचं सगळं जागेवर. बाजूने बघितलं की थोडं दिसायचं. "तिरकं बघायला शिकलो या वयात," ते म्हणाले. सात महिन्यांपूर्वी, मंडईजवळच्या चौकात, सिग्नल हिरवा आहे असं समजून त्यांनी गाडी पुढे घेतली आणि एका बाईला धक्का बसला. हळूच, पण बसला. ती गुडघ्यावर पडली. तिच्या पिशवीतली संत्री सगळीकडे घरंगळली. लोक जमले, आरडाओरडा झाला. त्यांनी उतरून तिला उठवलं आणि रस्त्यावर बसून हातांनी चाचपत संत्री गोळा करून दिली. बाई लंगडत निघून गेली. ते गाडी घेऊन घरी आले, कसे आले ते त्यांचं त्यांना माहीत, आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले की मीटर गेलाय.

"मला सांगायचं नाही का, बाबा?"

"काय सांगू? काटा दिसत नाही म्हणून? मी?" मग ते एकदम हसले, कडवट नाही, जरा थक्क होऊन. "आणि बघ, मी खोटं बोललो तर तो खरंच बिघडला की."

गल्लीतल्या मुली खेळ आटपून गेल्या होत्या. ती उतरली, वळसा घालून त्यांच्या बाजूला आली आणि दार उघडून उभी राहिली. त्यांनी पट्टा सोडला, आणि ती पुढे करील तो हात न धरता, दाराच्या चौकटीला धरून उतरले.

बुधवारी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की मधलं गेलंय ते येणार नाही, कडेचं राहील. आणखी बिघडू नये म्हणून औषधं आहेत. वर्षभर आधी आला असतात तर जास्त उपयोग झाला असता. हे वाक्य डॉक्टर सगळ्यांना म्हणत असावेत, तिने मनाशी म्हटलं; तीही म्हणायची. परत येताना वडील शेजारच्या सीटवर बसले होते आणि त्यांना हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. मंडईचं वळण आलं तेव्हा ते म्हणाले, "जरा इकडे घे." मग हळूहळू निघालं, की गेले चार-पाच महिने ते गुरुवारचे बसने इथे येत होते, फिरायला जातो म्हणून सांगून. चौकात उभे राहत होते. "चेहरा तेव्हाही दिसला नव्हता मला. पण आवाज लक्षात आहे. पडली तेव्हा 'अहो, थांबा थांबा' म्हणाली. घोगरा आहे, आणि शेवटचं अक्षर गिळते."

"आणि भेटली तर काय करणार?"

"ते ठरवलं नाही."

मग रोज संध्याकाळी कामावरून सुटल्यावर ती घरी येऊन त्यांना घेऊन जाऊ लागली. फळवाल्याच्या गाडीपासून थोडं अलीकडे गाडी उभी करायची, काचा खाली करायच्या, आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्या बायका त्यांना सांगायची. पन्नाशीची, हातात छत्री. तरुण आहे, ही नसेल. साठीची, जांभळी पिशवी, जरा पाय ओढतेय. वडील मान तिरकी करून ऐकत. हे सगळं वेडगळ आहे हे तिला कळत होतं. पण त्या तासाभरात तिला एक प्रकारची शांतता मिळे; कुणाला तरी फक्त जे दिसतंय ते सांगायचं, एवढंच काम. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी एक बाई तशी वाटली, पण आवाज निघाला भलताच. चौथ्या संध्याकाळी जांभळ्या पिशवीवाली बाई पुन्हा आली. फळवाल्याला म्हणाली, "आंबट निघाली होती हो मागची," आणि गाडीत वडिलांचा हात लेकीच्या मनगटावर घट्ट बसला.

"हीच?"

"हीच."

ते स्वतः उतरले. ती दार उघडून निघणार होती, पण त्यांनी हातानेच थांबवलं. कडेकडेने, गाड्यांना हात लावत ते गेले आणि बाईसमोर थोडे तिरके उभे राहिले. बोलू लागले. बाईने आधी पिशवी छातीशी धरली, मग खाली केली. मग तीच बोलत राहिली, बोट नाचवत. वडील मान खाली घालून ऐकत होते. चौकात बसचा गोंगाट होता. ऐकू येणं-न येणं हाच जिचा धंदा, तिला एक शब्द ऐकू येत नव्हता. स्टीअरिंगवर धरलेली स्वतःची बोटं तिला दुखायला लागलेली कळली. मग बाईने काहीतरी विचारलं. वडिलांनी डोळ्यांकडे हात नेला. बाई थबकली. थोड्या वेळाने तिने काहीतरी सांगितलं आणि हसली. मोठ्याने असावं, कारण फळवालाही वळून हसला. वडील मात्र हसले नाहीत. ते परत आले, बसले आणि दार लावून घेतलं.

"काय म्हणाली?"

"चूक तुमचीच होती म्हणाली. तोंडावर सांगितलं. सहा आठवडे गुडघा शेकत बसले होते म्हणाली."

"मग?"

"मग म्हणाली, बरं झालं आलात. कुणी येत नाही." वडील थांबले. "आणि म्हणाली, घरी जाऊन पिशवी उलटी केली तर एक संत्रं जास्त होतं."

तिला क्षणभर समजलं नाही. मग तिने फळवाल्याच्या गाडीकडे पाहिलं, खालच्या फळीवर कडेपर्यंत रचलेल्या संत्र्यांकडे, रस्त्यापासून जेमतेम हातभर उंचीवर असलेल्या.

"हात चाचपत होतो ना मी," वडील म्हणाले. "जे गोल लागेल ते उचललं." त्यांचा चेहरा गंभीर होता. त्या चुकीचाही हिशेब लावायला हवा, आणि तो लागत नाही, असा. "त्याचं आता काय करायचं?"

"खाल्लं असेल तिने, बाबा," ती म्हणाली. "सात महिने झाले."

वडिलांनी तिच्याकडे बघण्यासाठी मान बाजूला वळवली. आधी त्यांचे खांदे हलले. मग हसण्याचा आवाज आला.